ड्रॅगनला पंख काहून नाही?

आमच्या गच्चीवर सोलरचे सहा पॅनल आहेत आणि त्यातलं कोपऱ्यातलं एक दुपारी साडेतीनच्या सुमाराला पाण्याच्या टाकीच्या सावलीत जातं. लावणारा म्हणाला होता, एवढ्याशा सावलीनं काही होत नाही भाऊ. होतं. सगळे पॅनल एका माळेत जोडलेले असतात नं, एकाचा करंट बसला की बाकीच्यांचाही बसायला लागतो, आत बायपास डायोड असतात म्हणून पूर्ण माळ मरत नाही एवढंच, पण ॲपमधली रेघ साडेतीनला पायरी उतरल्यासारखी खाली येते ती येतेच.

मे महिन्यात अमरावतीहून भाचा आला होता सुट्ट्यांमध्ये, नववीतला. त्याला ही पायरी दाखवत होतो तर त्यानंच मला मोबाईलवर दोन फोटो दाखवले. दोन्ही मालवाहू यानं, स्पेस स्टेशनला सामान नेणारी. एकाला दोन्ही बाजूंनी गोल गोल पंख, आणि दुसरं सरळ डबा, पंख वगैरे काहीच नाही. "मामाजी, दोघंही एकाच जागी जातात, दोघंही सामानच नेतात, मग याले पंख आहेत अन् त्याले काहून नाही?"

गोल पंखवालं सिग्नस. बिनपंखाचं ड्रॅगन. मला वाटलं दोन वाक्यांत सांगून मोकळा होईन, पण कूलरमध्ये पाणी भरायची वेळ झाली तरी आमचं चालूच होतं, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू.

आधी हे पाहा की हे यान म्हणजे काय आहे. आमच्या नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपाशी छोटे हत्ती उभे असतात, भाडं ठरलं की माल भरून निघतात, तसाच हा प्रकार. अमेरिकेची स्पेस शटल २०११ मध्ये बंद झाली, पण त्याच्याआधीच, डिसेंबर २००८ मध्ये, नासानं दोन खाजगी कंपन्यांना माल पोचवायचं काम देऊन टाकलं होतं, ड्रॅगनवाल्या स्पेसएक्सला १२ फेऱ्या आणि सिग्नसवाल्या ऑर्बिटल सायन्सेसला ८ (हीच कंपनी पुढे विकत-विलीन होत होत आता नॉर्थ्रॉप ग्रमन झाली). फेऱ्या ठरलेल्या, पैसा ठरलेला. आता गाडी तुमची आणि भाडं फिक्स, म्हणजे गाडीचं प्रत्येक किलो वजन तुमच्या खिशातून जातं, कारण तेवढा माल कमी बसतो. सिग्नस तर परतही येत नाही, जाताना माल घेऊन जातं आणि येताना स्टेशनचा कचरा भरून वातावरणात जळून जातं. म्हणजे पॅनलही एकदाच वापरायचे. गच्चीवरच्या पॅनलला पंचवीस वर्षांची वॉरंटी मागतो आपण, इथं काही आठवड्यांचं, फार तर काही महिन्यांचं काम.

वीज कशाला लागते? कॉम्प्युटर, रेडिओ, स्टेशनजवळ जाताना अंतर मोजायचे कॅमेरे-लेझर, पाइपातलं इंधन गोठू नये म्हणून हीटर, आणि प्रयोगाचे नमुने असतील तर फ्रीजर. आपण धरू २ किलोवॅट, हिशोबापुरते. दोन टनी एसी चालतो तेवढी वीज झाली.

आता गंमत पाहा. वर ऊन जोरदार आहे, चौरस मीटरला १,३६१ वॅट, ढग नाही, धूळ नाही, आणि अवकाशातले चांगले सेल त्यातले २८-३० टक्के पकडतात, गच्चीवरचे पकडतात २०-२२. सगळी वजाबाकी करून ३०० वॅट प्रति चौरस मीटर हाती येतात म्हणू. पण स्टेशनच्या उंचीवर, म्हणजे ४०० किलोमीटरच्या आसपास, पृथ्वीची एक फेरी साधारण ९२ मिनिटांत होते आणि त्यातली ३६ मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या सावलीत जातात. म्हणजे दिवसातून पंधरा-सोळा वेळा रात्र! उजेडाच्या ५६ मिनिटांत चालू खर्चही भागवायचा आणि पुढच्या अंधारासाठी बॅटरीही भरायची, म्हणून २ किलोवॅट सतत पाहिजे असतील तर उन्हात ३.३ किलोवॅट बनवावे लागतात, बॅटरीत जे वाया जातं ते धरून ३.६. भागा ३०० नी. १२ चौरस मीटर आले. दहा बाय तेराची खोली.

भाचा म्हणाला, "मंग एवढंसं त कुठंही चिपकवता येते."

हाच तर सगळा झगडा आहे. १२ चौरस मीटर हे सूर्याकडे तोंड करून सरळ उभे असलेले पाहिजेत. तोंड तिरपं झालं की कमी होतं, ६० अंश तिरपं झालं तर सरळ अर्ध्यावर. रॉकेटच्या टोपणात मात्र एवढं उघडं पॅनल बसत नाही, मग एकतर घडी करून न्या आणि वर गेल्यावर उलगडा, नाहीतर यानाच्या अंगालाच फळाच्या सालीसारखं चिकटवा. पंख की साल, असं म्हणा.

पंखांचं आधी. फोटोतलं बिनपंखाचं ड्रॅगन दुसऱ्या पिढीचं, ते पुढे येतंच. पहिल्या पिढीच्या ड्रॅगनला, जे २०१२ मध्ये पहिल्यांदा स्टेशनला गेलं, दोन पंख होते, घडी करून बाजूला ठेवलेले, त्यावर झाकण, वर गेल्यावर झाकणं फेकायची मग पंख उलगडायचे, उघडल्यावर टोकापासून टोकापर्यंत १६ मीटरच्या वर. आणि हे पंख मोटरवर फिरायचे, सूर्याच्या मागे मागे, यानाचं तोंड कुठंही असो. ऐकायला मस्त वाटतं. पण मोजा आता काय काय नीट चालायला पाहिजे, झाकण सुटायला पाहिजे, पकडून ठेवणारे खिळे सुटायला पाहिजेत, बिजागऱ्या उघडून शेवटी लॉक व्हायला पाहिजेत, मोटर फिरायला पाहिजे, आणि फिरत्या सांध्यातून वीज आत यायला पाहिजे. वर साधं ग्रीस चालत नाही, निर्वातात उडून जातं, त्यासाठी वेगळी कोरडी वंगणं. काही पॅनलमध्ये तर पंख केव्हलारच्या दोरीनं बांधलेले असतात आणि वर गेल्यावर तापवलेल्या पात्यानं ती दोरी हळूहळू जाळून तोडतात, कारण स्फोटाचा बोल्ट उडवला तर जो झटका बसतो तो नको असतो. आमच्याकडे लग्नाच्या मांडवाची सुतळी उदबत्तीनं जाळून सोडतात तसंच की.

मार्च २०१३ मध्ये याच पिढीच्या ड्रॅगनची एक फेरी कक्षेत पोचली आणि थ्रस्टरच्या, म्हणजे यान वळवायच्या छोट्या इंजिनांच्या, चार गटांपैकी तीन चालूच होईनात. मग पंख उघडायचं थांबवलं. पंख उघडले की यान लांबट, डुलणारं होतं, त्याला सावरायला थ्रस्टर पाहिजेत, ते नसताना उघडायचे कसे? आणि न उघडावं तर बॅटरी संपत चाललेली. शेवटी आणखी एक गट सुरू झाला, पंख उघडले, पुढे बाकीचेही सुरू झाले आणि यान दोन दिवसांनी स्टेशनला पोचलं. पंख म्हणजे फक्त वीज नाही, तो तुमच्या वेळापत्रकात घुसलेला एक निर्णय आहे, आणि तो नेमका तेव्हाच घ्यावा लागतो जेव्हा बाकीचंही काहीतरी बिघडलेलं असू शकतं.

सिग्नसची गोष्ट अजून चांगली आहे. २०१३ च्या पहिल्या सिग्नसला चौकोनी, बिजागरीवाले पंख होते. पुढे त्यांनी यान लांब केलं, माल जास्त बसावा म्हणून, आणि डिसेंबर २०१५ च्या फेरीपासून हे गोल पंख आले, अल्ट्राफ्लेक्स नावाचे. जुन्या पंखात सेल कडक पाटीवर चिकटवलेले असतात, पाटीचं वजन येतं. गोल पंखात पाटीच नाही, पातळ कापडासारख्या पडद्याच्या त्रिकोणी कळ्यांवर सेल, सगळ्या कळ्या एकावर एक घडी केलेल्या, एक मोटर दोरी ओढते आणि पंख ३६० अंश फिरत उघडतो, पूर्ण गोल झाला की पडदा ताणला जातो आणि ताणामुळेच कडक होतो. छत्री उघडल्यावर कापड तंग होतं तसं. मंगळावर २००८ मध्ये उतरलेल्या फिनिक्सलाही असेच पंख होते. वाचलेलं वजन सरळ मालात जातं, आणि आपण वर पाहिलंच की मालाचाच पैसा आहे.

आणि एक बचत त्यांनी केली जी फोटोत दिसत नाही. सिग्नसचे पंख सूर्यामागे फिरत नाहीत, एकदा उघडले की तिथंच. फिरायचं असेल तर पूर्ण यान फिरवायचं. मोटर गेली, फिरता सांधा गेला, बिघडायची एक जागा कमी झाली.

पण एक जागा उरली होती. ७ नोव्हेंबर २०२२ ला सिग्नस निघालं, सॅली राइड यांचं नाव दिलेलं, आणि वर गेल्यावर दोनातला एकच पंख उघडला. दुसऱ्याला परत परत सांगून पाहिलं, नाही. नंतर कळलं की रॉकेटच्या आत आवाजाचा मारा कमी करायला जी गादीसारखी अस्तरं लावतात त्यातला एक तुकडा सुटून पंखाच्या यंत्रणेत जाऊन अडकला होता. बघा, पंखात दोष नव्हता, दोरीत नव्हता, मोटरमध्ये नव्हता, रॉकेटच्या अस्तराची चिंधी होती. तरी यान ९ तारखेला एका पंखावर स्टेशनला पोचलं, अंतराळवीर निकोल मान यांनी रोबोटच्या हातानं त्याला पकडलं, माल उतरला. भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणे, मग दुसरा पंख लावायचाच कशाला, एकावर भागत होतं तर. प्रश्न बावळट नाही. भागलं कारण हिशोब सगळ्यात वाईट दिवसाचा धरलेला असतो आणि प्रत्यक्ष दिवस तेवढा वाईट नव्हता, आणि जमिनीवरच्या लोकांनी यान नीट वळवून-वळवून वीज काटकसरीनं वापरली. दुसरा पंख म्हणजे स्टेपनी. स्टेपनीचं वजन प्रत्येक फेरीला वाहावं लागतं आणि दहा वर्षांत एकदा कामी येते, ती त्या दिवशी आली.

पंख अडकणं ही काही नवीन गोष्ट नाही. १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब स्टेशनचा एक पंख उड्डाणातच तुटून गेला आणि दुसरा पत्र्याच्या पट्टीत अडकला, अंतराळवीरांनी बाहेर जाऊन लांब दांड्याच्या कात्रीनं ती पट्टी कापली तेव्हा तो उघडला. मालवाहू यानात माणूस नसतो. कात्री कोण घेऊन जाणार.

आता साल. दुसऱ्या पिढीचं मालवाहू ड्रॅगन डिसेंबर २०२० पासून जातंय. वरती कुपी, खाली मागच्या बाजूला गोल डब्यासारखा भाग, त्याला ट्रंक म्हणतात, म्हणजे डिक्कीच. डिक्कीच्या अर्ध्या गोलाईवर सोलर सेल चिकटवलेले, उरलेल्या अर्ध्यावर रेडिएटर, म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकणारा भाग. उघडायचं काही नाही, फिरायचं काही नाही. रॉकेटपासून सुटल्या क्षणापासून ऊन पडलं की वीज चालू.

फुकट मात्र नाही. इथं आम्ही घरात एक प्रयोग केला, तुम्हीही करू शकता. पिठाचा स्टीलचा डबा घेतला, शिवणकामाची टेप घेतली. डब्याच्या अर्ध्या गोलाईला टेप लावली तर ४४ सेंटीमीटर भरली. तोच डबा उन्हात भिंतीसमोर धरला, सावली पडली सपाट चौकोनी, तिची रुंदी २८. सेल लावायला ४४ ची जागा वापरली, सूर्याला दिसतात फक्त २८, कारण कडेचे सेल तिरपे पडतात. २८ भागिले ४४, म्हणजे ६४ टक्के, आणि डबा केवढाही घ्या, हेच येतं. शाळेच्या भाषेत दोन भागिले पाय. मग आपल्याला १२ चौरस मीटर पाहिजे होते ते सालीवर १९ लावावे लागतील. ड्रॅगनच्या डिक्कीचा व्यास साधारण पावणेचार मीटर आणि लांबीही जवळपास तेवढीच, अर्धी गोलाई काढली तर २१-२२ चौरस मीटर जागा निघते. बसते! हा माझा कागदावरचा हिशोब आहे, कंपनीचा नाही, पण यान जाड असेल तरच साल परवडते हे त्यातून समजतं. सडपातळ यानाला पंखच लावावे लागतील.

आता माझ्या टाकीच्या सावलीवर परत या. गोल सालीवर मधल्या सेलवर ऊन सरळ आणि कडेच्या सेलवर तिरपं, आणि हे दोन्ही एकाच माळेत टाकले तर कडेचा कमजोर सेल पूर्ण माळेला खाली ओढणार, माझ्या साडेतीनच्या पायरीसारखंच. म्हणून गोल अंगावर माळा आडव्या गुंडाळत नाहीत, डब्याच्या उंचीच्या दिशेनं उभ्या सोडतात, एका माळेतल्या सगळ्या सेलला सारखाच कोन, कडेची माळ कमी देते पण मधलीला त्रास देत नाही. साधी गोष्ट आहे, आणि लावणाऱ्यानं एवढा विचार माझ्या गच्चीवर केला असता तर हा लेखच झाला नसता बहुतेक.

रेडिएटरचं मला फार आवडलं. यानाला उष्णता बाहेर टाकावी लागते आणि रेडिएटर जितका सावलीत तितका चांगला. अर्ध्या अंगाला सेल, अर्ध्याला रेडिएटर, तर सेल सूर्याकडे केले की रेडिएटर आपोआप अंधाराकडे तोंड करतो. एकाच वळण्यात दोन कामं. पण त्याची दुसरी बाजू अशी की यानाला सूर्याकडे पोट करून राहावंच लागतं. फिरत्या पंखाचं यान म्हणतं मी कुठंही पाहीन, सालीचं यान म्हणतं मी इकडेच पाहीन. स्टेशनजवळ जाताना तोंड स्टेशनकडे ठेवावं लागतं, तेव्हा सूर्य जिथं असेल तिथं असेल, तेवढा वेळ बॅटरीवर. आणि स्टेशनला एकदा जोडलं गेलं की वळायचा प्रश्नच संपला, तेव्हा ड्रॅगनला वीज स्टेशनच देतं. म्हणजे ड्रॅगनची साल मुख्यतः जायच्या आणि यायच्या रस्त्यापुरती आहे, मुक्कामाची वीज यजमानाच्या मीटरवर. पाहुण्यानं गावी जाताना पॉवर बँक न्यावी, जनरेटर कशाला न्यायचा?

मग पहिल्या ड्रॅगनला हे का नाही सुचलं? सुचलं असेलही, पण दुसऱ्या पिढीत एक नवी अट आली. हेच यान माणसंही नेणार होतं. रॉकेटला काही झालं तर कुपी डिक्कीसकट स्वतःच्या इंजिनानं सुटून दूर पळते, हवेतून, प्रचंड वेगानं, आणि अशा वेळी बाजूला झाकणाखाली घडी केलेले पंख म्हणजे नसती भानगड. गुळगुळीत डिक्की बरी. मालवाहू ड्रॅगन हे त्या माणसांच्या ड्रॅगनचंच भावंड, एकाच साच्यातलं, म्हणून मालालाही तेच. बटाटे न्यायला पंख चालले असते, पण कारखान्यात दोन प्रकारच्या डिक्क्या बनवणं परवडत नाही.

बरं, डिक्की आतून रिकामी असते, तीत उघड्यावरचं सामान जातं. जून २०२१ मध्ये त्यात काय गेलं माहिताय? स्टेशनसाठी नवीन गुंडाळी केलेले सोलर पंख, चटईसारखे. बिनपंखाच्या यानानं दुसऱ्याचे पंख वाहून नेले.

स्टेशनजवळ पंख असण्याचा अजून एक त्रास आहे. तिथं आधीच भलेमोठे पंख पसरलेले, रोबोटचा हात फिरतोय, आणि येणाऱ्या यानाच्या थ्रस्टरचा फवारा स्टेशनच्या पंखांवर बसू शकतो, म्हणून कुणी येतंय म्हटलं की पंख आडवे करून ठेवतात. जवळ येताना चुकलं तर काय होतं ते २५ जून १९९७ ला दिसलं, रशियाचं मालवाहू प्रोग्रेस यान मीर स्टेशनच्या स्पेक्टर भागावर जाऊन आदळलं, त्याचा सोलर पंख फाटला, भागातून हवा गळायला लागली, तो भाग बंद करताना केबल तोडाव्या लागल्या आणि स्टेशनची जवळपास अर्धी वीज गेली. चिंचोळ्या गल्लीत कार घालताना आपण आरसे मिटून घेतो ना, पण इथं पंख मिटता येत नाहीत.

एवढं ऐकून भाच्यानं निकाल देऊन टाकला, साल जिंकली. तर जपानचं ऐका. जपानचं पहिलं मालवाहू यान एचटीव्ही, २००९ ते २०२० मध्ये नऊ फेऱ्या झाल्या, त्याला सालच होती, अंगावर पन्नासच्या वर छोटे पॅनल, शिवाय एकदाच वापरायच्या बॅटऱ्या. आणि त्यांचं नवीन यान, एचटीव्ही-एक्स, ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा गेलं, त्याला दोन बाजूंना उलगडणारे पंख! म्हणजे अमेरिकेची एक कंपनी पंखाकडून सालीकडे गेली आणि जपान सालीकडून पंखाकडे. दोघंही शहाणेच आहेत. एचटीव्ही-एक्सला स्टेशनवरून निघाल्यावर लगेच जळायचं नाहीये, दीड वर्षापर्यंत एकट्यानं फिरत प्रयोग करायचे आहेत, तिथं यजमानाचं मीटर नाही. मुक्काम स्वतःच्या खर्चानं म्हटल्यावर जनरेटर आला.

म्हणून कुणी विचारलं की कोणता पॅनल चांगला, तर मी आधी विचारीन की माल टाकल्यावर गाडी काय करणार आहे. किती वॅट हे नंतर.

उष्णतेचं थोडं सांगतो, नागपूरकराला ते लवकर समजतं. पॅनलवर जे वॅट छापलेले असतात ते सेल २५ अंशावर असतानाचे. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५, पॅनलचा सेल ७० ला जातो, अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर १५-१६ टक्के गेले. इतकं ऊन, आणि वीज फेब्रुवारीपेक्षा कमी का, हा प्रश्न आमच्या कॉलनीत दर उन्हाळ्यात निघतो. म्हणून पॅनल टिनावर चिकटवत नाहीत, स्ट्रक्चरवर उंच ठेवतात, खालून हवा खेळावी म्हणून. वर हवा नाही, तिथं गरमी फक्त किरणांनीच बाहेर पडते, आणि पंखाला दोन बाजू असतात, पुढून तापला तरी पाठीमागून फेकतो. सालीची पाठ यानाला चिकटलेली, ती जास्त तापते. गंमत म्हणजे थोड्याच मिनिटांत सावली येते आणि तोच पंख शून्याच्या खूप खाली जातो, फेरीफेरीला तापतो-गारठतो, सेल जोडणाऱ्या बारीक पट्ट्या ताणल्या-आकसल्या जातात. पट्टीला मध्ये मुद्दाम वळण ठेवलेलं असतं, रेल्वेच्या जुन्या रुळांत फट ठेवायचे त्यासारखं.

४०० किलोमीटरवर हवा अगदीच नाही असंही नाही. आहे थोडी, आणि त्यातला ऑक्सिजन सुट्या अणूंच्या रूपात असतो, तो ताशी २७-२८ हजार किलोमीटरच्या वेगानं पॅनलवर आदळतो आणि चांदी, प्लॅस्टिक खात जातो. त्यावर काचेचं, लेपाचं कवच लावतात. कवच जाड तर वजन, पातळ तर आयुष्य कमी. पण ज्या पॅनलला तीन महिन्यांनी जळायचंच आहे त्याला पंधरा वर्षांचं कवच कशाला? दळणवळणाच्या उपग्रहासाठी बनवणारा माणूस आणि मालवाहू यानासाठी बनवणारा माणूस एकच सेल हातात घेतील आणि अगदी उलट निर्णय घेतील. त्याच थोड्या हवेचा अडथळाही असतो, पंख जितके मोठे तितकं यान हळूहळू खाली ओढलं जातं.

आपल्याकडचं पण पाहा. इस्रो पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, जो नाहीतर कचराच, २०२२ पासून पोएम नावानं प्रयोगासाठी वापरते, त्याला वीज मिळते ती टाकीच्या भोवती लावलेल्या सोलर पॅनलमधून. साल! आणि विक्रम लँडरचे पॅनल पण अंगालाच होते, चंद्रावर उतरायला सकाळच निवडली, २३ ऑगस्ट २०२३, कारण चौदा दिवसांच्या दिवसात जेवढं काम होईल तेवढंच. याच्या उलट जुने इन्सॅट, त्यांना एकाच बाजूला पंख असायचा, दुसऱ्या बाजूला थंडाव्यासाठी रेडिएटर मोकळा ठेवायचा म्हणून, आणि मग सूर्यप्रकाशाच्या दाबानं उपग्रह एका बाजूला कलू नये म्हणून समोरच्या बाजूला लांब दांडीवर एक हलकं शीड लावायचे. उन्हाचा दाब, हो, उन्हालाही दाब असतो, नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला बाहेर पडलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी भाच्यानं विचारलं ते डिक्कीचं काय होतं. सिग्नस पंखांसकट जळतं, तिथं प्रश्न नाही. ड्रॅगनची कुपी परत येते, समुद्रात उतरते, डिक्की येत नाही, सेल, रेडिएटर सगळं फेकायचं. सुरुवातीच्या ड्रॅगनमध्ये खाली यायचं इंजिन पेटवून झाल्यावर डिक्की सोडायचे, ती मागोमाग प्रशांत महासागरावर यायची. पुढे यान फ्लोरिडाच्या बाजूला उतरवायला लागले आणि डिक्की आधीच, कक्षेत असतानाच सोडून देऊ लागले, ती महिनोन् महिने फिरत राहून कधीतरी, कुठंतरी पडणार, जळून जाईल असं धरून. जुलै २०२२ मध्ये एका डिक्कीचे तुकडे ऑस्ट्रेलियात मेंढरांच्या कुरणात सापडले, एक तर जमिनीत उभा रोवलेला. डिक्की पूर्ण जळून जाईल, हा हिशोब कुणी मांडताना थोडा कमी पडला.

आम्हाला हे वेगळं सांगायला नको. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आम्ही याच गच्चीवर उभं राहून आकाशात जळत जाणारी रांग पाहिली होती, सगळी कॉलनी व्हिडिओ काढत होती, उल्का म्हणत होती, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं कडं येऊन पडलं, माणसापेक्षा मोठं. चीनच्या रॉकेटचा टप्पा असावा असं जाणकारांनी सांगितलं.

२०२४ मध्ये स्पेसएक्सनं जाहीर केलं की आता यान परत प्रशांत महासागराच्याच बाजूला उतरवू आणि डिक्की शेवटपर्यंत चिकटून ठेवू, इंजिन पेटवून झाल्यावरच सोडू, म्हणजे ती ठरलेल्या निर्जन समुद्रावरच जाईल. त्यासाठी जहाजं, माणसं, सगळं एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर हलवलं. भाचा म्हणाला, "मामाजी, एवढं मोठं सामान त्यायनं हलवलं, अन् तुमच्याच्यानं एक टाकी नाही हालत?" प्लंबरला फोन केलाय. तो म्हणतो पाइप नवा टाकावा लागेल, रविवारी येऊन पाहतो.